पोटाला खिडकी असलेला माणूस आणि त्याचा डॉक्टर

रात्रीचा दीड वाजलाय. उद्या जर्नल सबमिट करायचंय आणि शेवटचे तीन प्रयोग अजून उतरवायचे राहिलेत. साडेअकराला टपरीवर मिसळ झाली, तर्री जरा जास्तच मागून घेतली होती, वर दोन कटिंग. आता तुम्ही कॉटवर आडवे पडून लिहिताय आणि छातीच्या मधोमध काहीतरी चरचरायला लागतं. मग घशाशी आंबट पाणी येतं. पित्त झालं असेल, असं रूममेट झोपेतच सांगतो आणि कूस बदलतो. तुम्ही उठून बसता. बसल्यावर जरा बरं वाटतं. का बरं वाटतं, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडत नाही.

तो प्रश्न आज पाडून घेऊ. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जाऊन एका डॉक्टरची गोष्ट ऐकावी लागेल. हा डॉक्टर कधी मेडिकल कॉलेजात गेला नव्हता. तरी पोटाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये आजही त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. त्या आदराबद्दल माझ्या मनात थोडी खळखळ आहे, ती पुढे येईलच.

विल्यम बोमाँट. जन्म २१ नोव्हेंबर १७८५, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, लेबनन नावाच्या गावी, शेतकऱ्याच्या घरात. विशीत त्यानं घर सोडलं. न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तर टोकाला चॅम्प्लेन गावात शाळामास्तर झाला आणि तिथेच त्याला वैद्यकाच्या पुस्तकांचा नाद लागला. मग शेजारच्या व्हरमाँट राज्यात एका डॉक्टरकडे उमेदवारी केली. त्या काळात बरेच डॉक्टर असेच तयार व्हायचे. गुरूच्या हाताखाली राहायचं, औषधं बनवायची, पेशंट बघायचे आणि सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. नोंदी ठेवायची ही सवय बोमाँटच्या अंगात इतकी मुरली की पुढे त्याचं सगळं नाव तिच्यावरच झालं.

१८१२ साली त्याला परवाना मिळाला. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं आणि हा सैन्यात साहाय्यक सर्जन म्हणून भरती झाला. पुढच्या एप्रिलमध्ये यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, इथे दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि शेकडो सैनिक भाजले, चिरडले. त्या वेळी तो जवळजवळ दोन दिवस सलग हातपाय कापत आणि जखमा बांधत होता. गोळीची जखम म्हणजे काय, हे त्याला तिथे कळलं. युद्ध संपल्यावर काही वर्षं खासगी प्रॅक्टिस, मग पुन्हा सैन्य, आणि १८२० मध्ये नेमणूक झाली मॅकिनॅक बेटावर.

हे बेट ह्युरन आणि मिशिगन या दोन मोठ्या सरोवरांच्या मध्ये आहे. तेव्हा तिथे एक किल्ला होता आणि अमेरिकन फर कंपनीचं मोठं ठाणं. हिवाळाभर जंगलात पकडलेल्या बीव्हरची आणि इतर जनावरांची कातडी उन्हाळ्यात होड्यांमधून तिथे यायची. होड्या वल्हवणारे बहुतेक फ्रेंच बोलणारे कॅनडातले तरुण होते. त्यातलाच एक अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन. बोमाँटनं आपल्या पुस्तकात त्याचं वय अठराच्या आसपास लिहिलंय. म्हणजे तुमच्याच वर्गातला समजा.

६ जून १८२२. कंपनीच्या दुकानात गर्दी. कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून सुटली आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अ‍ॅलेक्सिसच्या डाव्या कुशीत सगळा बार घुसला. तळहाताएवढं मांस उडालं, बरगड्या मोडल्या, फुप्फुस फाटलं आणि जठराला एक बोट जाईल एवढं भोक पडलं. सकाळचा नाश्ता त्या भोकातून बाहेर येत होता. अर्ध्या तासाच्या आत बोमाँट पोचला. जखम बघून हा दीड दिवसही काढणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

अ‍ॅलेक्सिस वाचला. सतरा दिवस त्यानं जे जे खाल्लं ते ते भोकातून बाहेर आलं. मग हळूहळू अन्न आत टिकायला लागलं. जखम भरत गेली, पण भोक बुजलं नाही. जठराच्या कडा बाहेरच्या कातडीला चिकटल्या आणि छातीच्या खाली डावीकडे एक कायमचं दार तयार झालं. दीड-एक वर्षानं त्या दाराला आतून मांसाची एक झडप आली. ती आपोआप बंद राहायची, बोटानं ढकलली की उघडायची. आत डोकावलं की जिवंत माणसाचं जठर काम करताना दिसायचं.

हे किती मोठं होतं, ते समजायला तेव्हाचं ज्ञान आठवा. अन्न पोटात जातं आणि त्याचं काहीतरी होतं, एवढंच ठाऊक होतं. कुणी म्हणे ते जात्यासारखं दळलं जातं, कुणी म्हणे आंबतं, कुणी म्हणे शिजतं. इटलीतल्या स्पालान्झानीनं अठराव्या शतकात कापडाच्या पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळून पाहिल्या होत्या, आणि पोटातला रस अन्न विरघळवतो असं त्याचं म्हणणं होतं. पण आत बघितलं कुणीच नव्हतं.

१८२३ च्या वसंतात अ‍ॅलेक्सिसला पोसायचा खर्च करायला स्थानिक प्रशासन कंटाळलं. त्याला होडीत बसवून शेकडो मैलांवरच्या गावी परत पाठवायचं ठरलं. बोमाँटनं त्याला स्वतःच्या घरी आणलं. दयेपोटी आणलं, असं तो लिहितो. मला ते खोटं वाटत नाही. पण १८२५ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि दयेच्या जोडीला दुसरंही काही आलं. तोवर अ‍ॅलेक्सिस त्याच्याकडे घरगडी म्हणून राबत होता. लाकडं फोडायची, सामान वाहायचं आणि डॉक्टरनं बोलावलं की कूस उघडून पडायचं.

१ ऑगस्ट १८२५ चा प्रयोग बघा. दुपारी बाराला बोमाँटनं रेशमी दोऱ्याला वेगवेगळे तुकडे बांधले. मसालेदार गोमांस, खारवलेलं कच्चं डुकराचं मांस, खारवलेलं कच्चं आणि उकडलेलं गोमांस, शिळा पाव, कच्चा कोबी. सगळे भोकातून जठरात सोडले आणि दर तासाला दोरा ओढून पाहिला. एक वाजता कोबी आणि पाव अर्धे विरघळले होते, मांस होतं तसंच. दोन वाजता काही मांसही गायब. विज्ञान म्हणून झकास. पण त्याच नोंदीत पुढे लिहिलंय की अ‍ॅलेक्सिसच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं, मळमळ, पोट गच्च. बोमाँटनं काय केलं असेल? पाऱ्याच्या रेचक गोळ्या तोंडातून न देता थेट भोकातून आत टाकल्या.

आता तुमच्या जळजळीकडे येऊ. कारण इथून पुढे बोमाँटनं जे पाहिलं त्याचा तिच्याशी संबंध आहे. छातीतली जळजळ हा काही त्याचा विषय नव्हता. अन्ननलिकेचा भाग पुढच्या डॉक्टरांनी उलगडला. पण आतल्या आम्लाची ओळख पक्की झाली ती त्याच्या बाटल्यांमुळे.

रबरी नळीनं तो अ‍ॅलेक्सिसच्या जठरातला रस काढायचा. रस काढताना अ‍ॅलेक्सिसला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, कधी भोवळ यायची. तो रस बाटलीत घालून शरीराइतक्या उबेत ठेवला की त्यात मांस विरघळायचं, पोटाबाहेरसुद्धा. म्हणजे दळणं नाही, शिजणं नाही, हे रसायन होतं. त्यानं बाटल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डंग्लिसनकडे, येल विद्यापीठातल्या सिलिमनकडे, अगदी स्वीडनला बर्झेलियसकडेही पाठवल्या. डंग्लिसनला त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सापडलं. इंग्लंडमध्ये विल्यम प्राउटनं १८२४ मध्ये प्राण्यांच्या जठरात तेच दाखवलं होतं. आता ते माणसात दिसलं. तुमच्या लॅबमध्ये फ्यूम कपाटात ठेवतात ना, तेच, अर्थात पातळ.

मग ते जठराला जाळत का नाही? जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा जाड थर असतो. वरच्या अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. दोघांच्या मध्ये स्नायूचं एक वळं असतं. घास खाली उतरताना ते सैल पडतं आणि मग आवळून बसतं. अ‍ॅलेक्सिसच्या कुशीतली ती झडप निसर्गानं अपघातानं बनवली. हे वळं तुम्हाला जन्मापासून मिळालंय. ते नको तेव्हा ढिलं पडलं किंवा खालून दाब फार आला की आम्ल वर चढतं, आणि जळतं ते तुमच्या अन्ननलिकेत. म्हणून जळजळ पोटात न होता छातीत होते. आणि म्हणूनच उठून बसल्यावर बरं वाटतं, कारण उभ्या नळीत पाणी आपोआप खाली येतं. म्हणजे पोटात आम्ल असणं हा दोष नाही, आपली जागा सोडून वर येणं हा आहे.

पित्त हा शब्दही इथेच तपासून घेऊ. आपण मराठीत सरसकट पित्त म्हणतो, पण घशाशी येतं ते बहुतेक वेळा आम्ल असतं. खरं पित्त यकृतात बनतं, पिवळं-हिरवं असतं आणि त्याची जागा जठराच्या पुढे, लहान आतड्यात. बोमाँटनं शेकडो वेळा आत डोकावून लिहून ठेवलं की एरवी जठरात पित्त सापडत नाही. अपवाद एक. अ‍ॅलेक्सिस संतापला की जठरात पिवळं पित्त दिसायचं आणि पचन रखडायचं. तो वारंवार संतापायचा, आणि त्याच्या जागी कुणीही संतापला असता. परीक्षेच्या दिवसांत तुमचं पोट बिघडतं त्यामागे जागरण, चहा आणि वेळीअवेळी खाणं असतंच. पण मनावरचा ताण पोटापर्यंत पोचतो, हे डोळ्यांनी बघून लिहिणारा हा पहिलाच.

सगळ्यात जास्त काळजीत पाडणारी नोंद दारूची आहे. अ‍ॅलेक्सिस आठ-दहा दिवस सतत कडक दारू प्यायला की जठराचं एरवीचं फिकट गुलाबी अस्तर लालभडक व्हायचं, त्यावर चट्टे उठायचे. आणि अ‍ॅलेक्सिसची तक्रार? काहीच नाही. भूक ठीक, दुखणं नाही. आतला बिघाड बाहेर कळेलच असं नाही, हे बोमाँटला त्या खिडकीमुळे दिसलं. तुम्हाला खिडकी नाही. डोकं दुखलं की रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेणारे तुमच्या ग्रुपमध्ये दोन-तीन तरी असतील. त्यातल्या बऱ्याच गोळ्या जठराच्या त्याच अस्तराला सोलतात.

बोमाँटनं पदार्थांचा एक तक्ताही बनवला, कुठला किती वेळात पचतो त्याचा. उकडलेला भात एक तास. उकळलेलं दूध दोन तास. भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. हे आकडे एका माणसाच्या पोटाचे आहेत, तेव्हा घड्याळ लावून बसू नका. पण त्यातून जे निघालं ते आजही खरं आहे. तेलकट, चरबीचं अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं. बारीक चावलेलं लवकर विरघळतं. आणि भुकेपेक्षा जास्त भरलं की रस पुरा पडत नाही.

आता साडेअकराची मिसळ पुन्हा आठवा. फरसाण आणि तर्री तेलात न्हालेली, दीड वाजता ती जठरातच आहे. चहातलं कॅफीन अनेकांचं ते वळं ढिलं करतं. सिगरेट आणि दारू तर करतातच. चॉकलेट आणि पुदिना काहींना बाधतो, काहींना नाही. त्यात तुम्ही कॉटवर आडवे आहात, म्हणजे भरलेली बाटली आडवी करून बूच सैल सोडल्यासारखं. कमरेला जीन्सचा घट्ट पट्टा असेल तर खालून दाबही आलाच. मसाल्याला सगळे शिव्या घालतात, पण नुसत्या मसाल्यापेक्षा उशिरा, भरपूर आणि आडवं होण्याआधी खाणं हेच मला जास्त दोषी वाटतं. मेस नऊला बंद होते ही तुमची अडचण मान्य. मग आठला मेसमध्ये नीट जेवा आणि रात्री भूक लागली तर थोडंसं, कोरडं, बसून खा. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या. रोजच त्रास होत असेल तर कॉटच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावा. उशांचा ढीग करू नका, त्यानं पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपलं तरी बऱ्याच जणांना फरक पडतो. वजन वाढलं असेल तर ते उतरवणं हा उपाय कंटाळवाणा, पण चालणारा. आणि बोमाँटसारखा तक्ता स्वतःचाही करून बघा. काय खाल्लं, किती वाजता, मग काय झालं. पंधरा दिवसांत तुमचा गुन्हेगार सापडेल, आणि तो रूममेटचा असेलच असं नाही.

गोळ्या आणि गुलाबी औषधं आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असतील, तर मेडिकलवाल्याला विचारणं थांबवून डॉक्टरकडे जा. घास अडकणं, काळं शौच, उलटीत रक्त, कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर लगेच जा. छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर पित्त म्हणून आडवं व्हायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

आता उरलेली गोष्ट. १८२५ च्या शरद ऋतूत अ‍ॅलेक्सिस न सांगता कॅनडात निघून गेला. लग्न केलं, मुलं झाली. बोमाँटनं कंपनीच्या लोकांमार्फत त्याला शोधून काढलं आणि १८२९ मध्ये तो बायकोमुलांसह मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डला आला. दोन वर्षं पुन्हा लाकडं फोडणं आणि प्रयोग. १८३१ मध्ये कुटुंबाला होडीत घालून तो परत गेला. १८३२ मध्ये करार झाला. वर्षाला १५० डॉलर, राहणं-जेवण, आणि डॉक्टर म्हणेल ते प्रयोग. अ‍ॅलेक्सिसला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यानं सहीच्या जागी फुली मारली. टाके घालून भोक बंद करू म्हटलं तर त्यानंच नकार दिला, असं बोमाँट लिहितो. अ‍ॅलेक्सिसची बाजू कागदावर नाही, कारण लिहिणारा एकच होता.

१८३३ मध्ये पुस्तक निघालं, २३८ प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष. युरोपभर वाचलं गेलं. जिवंत माणसाच्या पचनाबद्दल इतकं नेमकं तोवर कुणी लिहिलं नव्हतं, हे निर्विवाद. पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्सिस कॅनडात गेला तो परत आलाच नाही. सेंट लुइसमध्ये स्थायिक झालेला बोमाँट जवळजवळ शेवटपर्यंत त्याला पत्रं लिहीत राहिला, पैसे वाढवत राहिला. पण त्याला अ‍ॅलेक्सिस एकटा हवा होता आणि अ‍ॅलेक्सिस म्हणे, येईन तर घरच्यांना घेऊन. मार्च १८५३ मध्ये एका पेशंटच्या घराच्या बर्फाळ पायऱ्यांवरून बोमाँट घसरला, डोक्याला मार लागला, आणि २५ एप्रिलला तो गेला. वय ६७.

अ‍ॅलेक्सिस त्याच्यानंतर सत्तावीस वर्षं जगला, गरिबीत, तेच भोक घेऊन. एकानं मध्यंतरी त्याला अमेरिकेतल्या शहरांतून दाखवत फिरवलंही. २४ जून १८८० ला क्वीबेकमधल्या सेंट थॉमस गावी तो वारला, तेव्हा मॉन्ट्रियलच्या विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरला त्याचं जठर वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी हवं होतं. घरच्यांनी मृतदेह उन्हाळ्याच्या उकाड्यात मुद्दाम घरात ठेवला, चिरफाडीच्या कामाचा राहू नये म्हणून. वास इतका होता की प्रार्थनेच्या वेळी शवपेटी चर्चबाहेर ठेवावी लागली. मग खड्डा खणला तो आठ फूट खोल, रात्री कुणी येऊन उकरू नये इतका.